वाळूज सोडून चाकणला जावं का?

छत्रपती संभाजीनगरहून आलेलं एक पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी 32 वर्षांची आहे. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला इंजिनिअर आहे. हातात 41 हजार येतात. मिस्टर कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांचे महिन्याला 18-20 हजार, तेही वेळेवर नाहीत. सिडकोत सासऱ्यांचं घर आहे, सगळे एकत्र राहतो. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मला चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली आहे, हातात 64 हजार. माझा भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणतो, महाराष्ट्र देशात एक नंबर, त्यात पुणे पहिलं, डोळे मिटून ये. मोशीला त्याने टू बीएचके बघून ठेवलाय. महिनाअखेर दोन लाख टोकन दे म्हणतो, मेट्रो आली की भाव दुप्पट होतील. सासरे म्हणतात, पुण्यात पगार दिसतो, उरत नाही. मिस्टरांचे मित्र तामिळनाडूत होसूरला आहेत, त्यांचं म्हणणं महाराष्ट्रच सोडा. राज्य इतकं पुढे असेल तर आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी का येत नाही? आणि पुढे नसेल, तर आम्ही कशाच्या भरवशावर पुण्याला जायचं?"

ताई,

टोकनचं आधी सांगते, कारण महिनाअखेर जवळ आहे. दोन लाख देऊ नका. नोकरी घ्यायची की नाही हा एक निर्णय आहे आणि मोशीत फ्लॅट घ्यायचा की नाही हा अगदी वेगळा. भावाने मायेपोटी दोन्हींची गाठ मारली आहे. ती आधी सोडवा, म्हणजे बाकीचं शांतपणे बघता येईल.

तुमचा भाऊ म्हणतो ते खरं आहे. राज्याचं एकूण उत्पन्न पाहिलं तर महाराष्ट्र देशात पहिला आहे. 2023-24 मध्ये हा आकडा 40 लाख कोटी रुपयांच्या घरात होता आणि देशाच्या जीडीपीत साधारण 13 टक्के वाटा या एका राज्याचा होता. जीएसटी सर्वांत जास्त इथून जमा होतो. परदेशी गुंतवणुकीतही वर्षानुवर्षं राज्य आघाडीवर आहे. रिझर्व्ह बँक मुंबईत, दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत, न्हावा शेवाचं बंदर, पिंपरी-चाकणचा वाहन उद्योग, प्रवरानगरपासून सुरू झालेले सहकारी साखर कारखाने, नाशिकची द्राक्षं, इचलकरंजी-भिवंडीचे माग. कमाईचे इतके वेगवेगळे मार्ग एकाच राज्यात असणं ही खरी ताकद आहे, कारण एक धंदा बसला तरी राज्य बसत नाही. मुंबईतल्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, तरी शहर बँका, विमा, सिनेमा आणि सेवांच्या जोरावर पुन्हा उभं राहिलं. मात्र ज्यांची गिरणी गेली त्या कामगारांना त्या बँकांत नोकऱ्या मिळाल्या नाहीत. राज्य सावरलं म्हणून त्यातला प्रत्येक माणूस सावरतो असं नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुमच्या कामाच्या संदर्भात ती लागणार आहे.

सासरे म्हणतात त्यालाही आधार आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने 2024 मध्ये राज्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्राचा देशातला वाटा आधीच्या 15 टक्क्यांवरून 13 टक्क्यांच्या जवळ आल्याचं दिसतं. दरडोई उत्पन्नात तर आपण पहिले नाहीच. तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा, तामिळनाडू आपल्या पुढे आहेत. शिवाय जे आहे ते सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. राज्याच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी दोन-चार जिल्ह्यांतून येतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीमचं दरडोई उत्पन्न मुंबईच्या जवळपासही जात नाही. 1984 मध्ये दांडेकर समितीने आणि 2013 मध्ये केळकर समितीने हा असमतोल मोजून सरकारच्या हाती दिला. तुम्ही मराठवाड्यातल्या, तुम्हाला विकासाचा अनुशेष म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको.

म्हणून "राज्य पुढे की मागे" या प्रश्नावर तुमचा निर्णय उभा करू नका. राज्याचा क्रमांक तुमच्या घरात पोचता पोचता मधे बऱ्याच हद्दी लागतात, आणि तुमचं रोजचं जगणं त्या हद्दींवर ठरतं. मला काय म्हणायचंय ते तुमच्या नळावरूनच सांगते.

तुमच्या शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर जायकवाडी धरण आहे. त्याच्या जलाशयात, नाथसागरात, शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं. धरण भरलेलं असतानाही तुमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं, म्हणजे अडचण पाण्याची नाही, ते आणण्याची आणि वाटण्याची आहे. 2011 मध्ये 'समांतर' जलवाहिनीचं काम खाजगी कंपनीला देण्याचा करार झाला आणि 2016 मध्ये तो महापालिकेने रद्द केला. 2019 मध्ये 1,680 कोटींची नवी योजना मंजूर झाली. तिचा खर्च पुढे 2,700 कोटींच्या वर गेला आणि काम पुढे सरकावं म्हणून उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला वारंवार लक्ष घालावं लागलं. या सगळ्या काळात वाळूजच्या तुमच्या कंपनीत पाणी आठ दिवसांनी येत होतं का? नाही, कारण औद्योगिक वसाहतींना एमआयडीसीची स्वतःची पाणीयोजना आहे, तीही जायकवाडीतूनच. शेंद्र्याच्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत तर पाणी, वीज, सांडपाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून आखून टाकल्या आहेत. 2016 च्या दुष्काळात मद्याच्या कारखान्यांचं पाणी कमी करायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं, ते आठवत असेल.

कारखाना आणि त्यात काम करणारं माणूस एकाच धरणाचं पाणी पितात, पण वेगवेगळ्या संस्थांकडून. एमआयडीसी 1962 पासून आहे. तिला स्वतःचा कायदा आहे, जमीन आहे, पैसा आहे, आणि उद्योग आणणं हे तिचं एकमेव काम आहे. महापालिकेकडे यातलं काय आहे? पूर्वी जकात होती. शहरात माल जितका जास्त येई तितकं शहराचं उत्पन्न वाढे, म्हणजे उद्योग वाढला की पालिकेलाही त्यातला हिस्सा मिळे. जकातीचे नाके, लाच, ट्रकच्या रांगा हे सगळं वाईटच होतं आणि ते गेलं याचं मला दुःख नाही. पण जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, 2017 मध्ये जीएसटी आला, आणि आता पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि घरपट्टीवर चालते. त्यात वाळूजचे कारखाने तुमच्या महापालिकेच्या हद्दीतच नाहीत. तुम्ही काम करता एका हद्दीत, राहता दुसऱ्या हद्दीत, आणि कामाच्या हद्दीत तयार झालेला पैसा राहण्याच्या हद्दीत नळ होऊन येत नाही. भरीला एप्रिल 2020 ते जानेवारी 2026 या काळात तुमच्या शहरात निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. पाणी आलं नाही तर कोणाच्या दारात जायचं, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत नसणं स्वाभाविक आहे. मला याचा मनापासून राग येतो. एकूण उत्पन्नात देशात पहिल्या असलेल्या राज्यात एका औद्योगिक शहरातल्या बाईने रात्री दोन वाजता पाणी भरायला उठावं, याचं कसलंही समर्थन होऊ शकत नाही.

मुंबईही याला अपवाद नाही. तिथल्या महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे होता. तरी भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि ते पाणी मुंबईला जातं. लोकलमधून पडून आणि रुळांवर दरवर्षी हजारो माणसं जीव गमावतात. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांमधून पडून माणसं गेली.

आता पुण्याच्या बाजूला येऊ. तुमच्या मनात 'पुणे' म्हणून जे आहे त्यात चाकण नाही. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, चाकणची नगरपरिषद वेगळी, आजूबाजूच्या गावांच्या ग्रामपंचायती वेगळ्या, कारखान्यांपुरती एमआयडीसी, आणि या सगळ्यावर 2015 मध्ये स्थापन झालेलं पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. या प्राधिकरणाने 2021 मध्ये जाहीर केलेला प्रारूप विकास आराखडा 2025 मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्या पट्ट्यात फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने आहेत त्या पट्ट्यातले रस्ते, शाळा, दवाखाने, सांडपाणी कुठे आणि कसं याचा एकसंध कागदच आज हाताशी नाही. पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आणि कामगारांच्या बस तासन् तास अडकतात त्याचं मूळ इथे आहे. कारखान्यांची परवानगी देणारा वेगळा, रस्ता रुंद करणारा वेगळा आणि तिथे राहायला येणाऱ्या माणसांची मोजदाद कोणाचीच जबाबदारी नाही. टॉमटॉमच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात पुण्याचा नंबर जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथा होता. दहा किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं. चाकणच्या चौकात शिफ्ट सुटताना ही सरासरीसुद्धा परवडली असं वाटतं.

पाण्याचंही ऐका, म्हणजे पुण्यात गेल्यावर आश्चर्य वाटणार नाही. पिंपरी-चिंचवड ही एके काळी जकातीच्या जोरावर देशातल्या श्रीमंत महापालिकांत गणली जायची. तिथे नोव्हेंबर 2019 पासून नळाला दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणायची योजना होती. शेतकऱ्यांचा तिला विरोध होता, आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात आंदोलकांवर गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. योजना तिथेच थांबली. शहराला पाणी हवं होतं हे खरं, आणि आपल्या धरणाचं पाणी न विचारता नेलं जातंय हा शेतकऱ्यांचा संतापही खरा. तरीही आठ दिवसांआड आणि एक दिवसाआड यात फरक आहे, आणि घर चालवणाऱ्या बाईला तो फार मोठा असतो. तो मी तुमच्या ऑफरच्या बाजूने मोजते.

आता पगाराचं बघू. तुमचा पगार 23 हजारांनी वाढणार. मिस्टरांनी काम सोडलं तर 18-20 हजार जाणार. उरतात तीन ते पाच हजार, आणि त्यातून घरभाडं भागवायचं आहे, जे आज तुम्हाला शून्य आहे. भाडं, डिपॉझिट, शाळेची फी, गॅस-वीज सगळं नव्याने. सासऱ्यांचा हिशोब या टप्प्यापर्यंत चोख आहे. त्यांच्या हिशोबात नसलेली, पण मला सर्वांत जड वाटणारी बाब वेगळीच आहे: मुलगी दुपारी शाळेतून येईल तेव्हा घरात कोण असेल? आज सासू-सासरे आहेत, म्हणून या कामाची किंमत तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. चाकणला गेल्यावर ती दर महिन्याला मोजावी लागेल, आणि तुमची दुसरी शिफ्ट असेल तर पैसे मोजूनही प्रश्न सुटेलच असं नाही. कंपनीला शिफ्टचं लेखी विचारा. क्वालिटीत जनरल शिफ्ट सांगून तीन महिन्यांत फिरती शिफ्ट लावतात, हे तुम्ही वाळूजलाही पाहिलं असेल.

मग जायचंच कशाला? कारण हिशोब फक्त पहिल्या वर्षाचा करून चालत नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात तुमच्या कामाचे इतके कारखाने आहेत की एक नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी शोधता येते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या अखेरीस बंद झाला आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात त्यातल्या ज्यांच्या हातात कौशल्य होतं, त्यांना त्याच पट्ट्यात दारं ठोठावायला जागा तरी होती. 32 व्या वर्षी, नोकरीची अजून पंचवीसेक वर्षं हातात असताना, ही जागा असणं मला पगारवाढीपेक्षा मोलाचं वाटतं. मिस्टरांनाही कायम नोकरीची शक्यता पिंपरी-चिंचवड आणि परिसरातल्या शाळा-कॉलेजांत आजच्यापेक्षा बरी आहे.

मात्र गिरण्यांचं मघाशी जे सांगितलं ते इथे लावून बघा. नवी कंपनी नेमकं काय बनवते? पिस्टन, इंधन यंत्रणा, सायलेन्सर अशा वस्तू असतील तर इलेक्ट्रिक गाडीत त्या लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग, सीट, काच असेल तर गाडी कशावरही धावो, काम राहील. वाहन उद्योग महाराष्ट्रातून जाणार नाही, पण त्यातला कुठला कोपरा रिकामा होईल हे तुम्ही क्वालिटीच्या माणूस म्हणून माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल. मुलाखतीच्या पुढच्या फेरीत सरळ विचारा की पुढच्या तीन वर्षांच्या ऑर्डरमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा हिस्सा किती. या प्रश्नाचा कुणाला राग आला तर तेही उत्तरच समजा. आणि नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदारामार्फत, हे नेमणूकपत्रात पाहिल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका. वाळूजच्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी ते महिने काढा. पीएफ काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा.

तुमच्या शहराजवळच्या बिडकीनकडेही लक्ष असू द्या. टोयोटा किर्लोस्करने 2024 मध्ये सरकारशी सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला आहे. करार म्हणजे कारखाना नव्हे, आणि तोवर तुम्ही हात जोडून बसावं असं मी म्हणणार नाही. पण वाळूजही असंच उभं राहिलं होतं. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सरकारने 1964 पासून सवलती दिल्या, 1985 मध्ये बजाज आली, तिच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे आले आणि आज तुमची नोकरी त्यातूनच आहे. पाच-सात वर्षांनी चाकणचा अनुभव घेऊन तुम्ही मोठ्या पदावर स्वतःच्या शहरात परत येऊ शकता. सिडकोतलं घर विकायचा किंवा त्यावर कर्ज काढायचा विषय घरात निघाला तर ठाम नकार द्या. ते तुमच्या परतीचं दार आहे.

होसूरचं थोडक्यात. तामिळनाडूने उद्योग चेन्नईत कोंडले नाहीत, कोइमतूर, तिरुपूर, होसूर असे पसरवले. याबाबतीत ते राज्य आपल्यापेक्षा शहाणपणाने वागलं असं माझं स्पष्ट मत आहे. पण मोठ्या शहरांच्या अडचणी तिकडेही आहेत. होसूरला लागून असलेल्या बेंगळुरूमध्ये 2024 च्या उन्हाळ्यात सोसायट्या टँकरच्या मागे धावत होत्या. शिवाय मिस्टर मराठी माध्यमात शिकवत असतील तर होसूरमध्ये त्यांचं काम काय? मित्रांचा सल्ला त्यांच्या घरासाठी योग्य असेल, तुमच्या घरासाठी तो विचारात घेऊ नये.

माझं मत असं: ऑफर घ्या, पण रुजू जूनमध्ये व्हा, राहायला भाड्याने जा, आणि मिस्टरांचं काम पक्कं झाल्यावरच निघा. जून यासाठी की मुलीची शाळा आणि मिस्टरांच्या कॉलेजचं वर्ष दोन्ही तेव्हाच सुरू होतं. कंपनीला तुमची गरज असेल तर ती थांबेल. थांबली नाही आणि मिस्टरांचंही काही जुळलं नाही, तर या ऑफरवर पाणी सोडा. वाळूजच्या साहेबांना ऑफर दाखवून पगार वाढवून मागा. यात कमीपणा काही नाही. भावाकडे हिंजवडीला राहून चाकणला जा-ये करायचा विचार मात्र मनातून काढा. नकाशावर अंतर छोटं दिसतं, पण त्या रस्त्यावर तुमची संध्याकाळ संपेल आणि मुलगी झोपल्यावर तुम्ही घरी पोचाल.

राहायला भोसरी किंवा मोशीचा जुना भाग बघा, जो पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. दिवसाआड का होईना, नळाचं पाणी आहे, पीएमपीच्या बस आहेत, महापालिकेचे दवाखाने आहेत. हद्दीबाहेरच्या नव्या टोलेजंग सोसायटीत लिफ्ट आणि क्लब हाऊस मिळेल, पण पाणी टँकरचं, आणि त्याचे पैसे दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये. घर बघायला रविवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवारी सकाळी सातला कंपनीची बस जिथून सुटते तिथे उभ्या राहा आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारा की कालच्या दिवसात टँकर किती आले. मोशीत कचरा डेपो आहे, त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलल्यावर संध्याकाळी वास येतो का, हे तिथल्या दुकानदारांना विचारा. बिल्डरचा माणूस यातलं काही सांगणार नाही.

राहिला भावाने बघितलेला फ्लॅट. निदान दोन वर्षं काही विकत घेऊ नका. नोकरी टिकते का, मिस्टर रुळतात का, मुलीला शाळा मानवते का, सासऱ्यांची तब्येत प्रवास करू देते का, हे कळायला तेवढा वेळ लागतो. मेट्रोच्या भरवशावर भाव दुप्पट होतील हे ऐकून घेण्याचं कारण नाही, कारण चाकणपर्यंतची मेट्रो अजून कागदावर आहे. आणि इंद्रायणीकाठी घेताना तर फारच जपा. मे 2025 मध्ये चिखलीत निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुरासाठी मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात, बांधलेले 36 बंगले महापालिकेने न्यायालयाच्या आदेशानुसार पाडले. त्या लोकांनीही पैसे मोजून, खरेदीखत करूनच जागा घेतल्या होत्या. तुम्ही संभाजीनगरच्या आहात, गुंठेवारीत, म्हणजे बिगरपरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटवर, घर घेऊन वर्षानुवर्षं नियमित होण्याची वाट बघणारी घरं तुमच्या ओळखीत असतीलच.

भावाला दुखवायचं नसेल तर त्याला एवढंच सांगा की या प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा, पूररेषेचा दाखला आणि पाणी कोण देणार याचं महापालिकेचं पत्र बिल्डरकडून आणून दे, मग बसून बोलू. टोकन घेण्याआधी बिल्डर हे कागद द्यायला कां-कूं करत असेल तर विषय तिथेच संपतो. रेरा कायद्याने नोंदणीकृत करार केल्याशिवाय घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही, हेही त्याच्या कानावर घाला. आणि पुढे कधी घर घ्यायची वेळ आलीच तर ते तुमच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि घराचा मोठा हप्ता तुमच्याच पगारातून जाणार आहे.